भट्टीसमोर

“पोरी, अगं पोरी, तुझ्याशीच बोलतेय!”

अफराहच्या बुरख्याचं टोक कुणीतरी खालून धरलं होतं. ती नुकतीच भट्टीतून बाहेर पडली होती. रोट्यांची गरम पिशवी तिने बुरख्याच्या आत, पोटाशी धरली होती. भिंतीला टेकून रोजच्यासारख्या बायका बसल्या होत्या. सगळ्या काळ्या कपड्यांत, नकाबातून फक्त डोळे दिसणाऱ्या. दुपारच्या जेवणाची वेळ झाली की येमेनच्या साना शहरातल्या प्रत्येक भट्टीसमोर अशी एक ओळ बसायचीच.

एके काळी अफराह अशा बायकांसमोर पर्स उघडायची, हाताला येईल ते टाकायची आणि पुढे व्हायची. तेव्हा ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. तशी ती अजूनही शिकवत होती. लढाईमुळे पगार तेवढा यायचा थांबला होता. आज ना उद्या येईल म्हणून ती वर्गावर जात राहिली. आधी तिच्या बांगड्या गेल्या, मग नवऱ्याची, मुताहरची, मोटारसायकल. आता मुताहर सकाळी मजुरांच्या नाक्यावर जाऊन उभा राहायचा आणि बहुतेक वेळा हात हलवत परत यायचा. तेव्हापासून या ओळीसमोरून जाताना अफराह जमिनीकडे बघून चालायची. तिला या बायकांचा राग यायचा. सगळं जग सोडून माझ्यापुढेच हात का पसरतात, असं वाटायचं.

आज मात्र म्हातारी टोक सोडायला तयार नव्हती.

“अल्ला तुझी लेकरं सुखात ठेवो. उरलेले सुटे तेवढे दे.”

“सुटे नाहीत, मावशी.”

“नाहीत कसे? भट्टीवाल्याने आत्ता तुझ्या हातात ठेवले. डोळे शाबूत आहेत अजून माझे.”

रोट्यांसाठी उभे असलेले दोघंतिघं वळून बघायला लागले. अफराहची कानशिलं तापली. पैसे मुठीत होते, हे खरंच होतं. त्यात धाकट्या लेकीच्या, सुंदुसच्या, खोकल्याचं औषध आणायचं होतं. पोरीची छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजत होती. पण हे चारचौघांत कसं सांगायचं? इथे एखाद्या विद्यार्थिनीचा बाप उभा असला तर?

कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून ती म्हातारीसमोर उकिडवी बसली आणि आवाज खाली आणला.

“मावशी, ऐका जरा. मी शिक्षिका आहे.”

“बरं मग? फळ्यावर लिहून मागू का तुझ्याकडे?”

शेजारची बाई नकाबाआड फिसकन हसली.

“तसं नव्हे हो. आमचे पगार बंद आहेत. घरी मुलगी आजारी आहे, तिचं औषध न्यायचंय. तुम्हाला खोटं वाटतंय ना? हे बघा, एवढेच आहेत.”

तिने मूठ उघडली. तळहातावर मळक्या, मऊ पडलेल्या थोड्याशा नोटा होत्या.

म्हातारी त्या नोटांकडे बघत राहिली. अफराहच्या मनात आलं, यातले निम्मे देऊन टाकावेत. लगेच वाटलं, निम्म्या पैशांत औषध कोण देईल? मग वाटलं, हिच्याही घरी कुणी खोकत असेल. देऊ की नको, देऊ की नको, या घोळात हात तसाच उघडा राहिला.

तेवढ्यात भट्टीतून एक माणूस बाहेर आला. काखेत चघळायच्या ‘कात’ नावाच्या पानांची जुडी, कमरेला खंजीर, घरी जायची घाई. ओळीसमोरून जाता जाता तो वाकला आणि अफराहच्या उघड्या तळहातावर त्याने एक कोरी नोट ठेवली.

“घे, बाई. माझ्या आईसाठी दुआ माग.”

अफराह ताडकन उठली नाही. ‘मी यांच्यातली नाही,’ हे शब्द तिच्या तोंडात अगदी तयार होते. एवढं बोलली असती तरी तो माणूस शरमून माफी मागत निघून गेला असता. पण नोट मोठी होती. तिच्यात औषधाची अख्खी बाटली आली असती, वर अंडी आली असती, दूध आलं असतं. माणूस वाट बघत उभा होता.

“अल्ला तुमच्या आईवर दया करो,” आवाज आला. तो तिचा स्वतःचाच होता. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

“आमीन,” म्हणून तो चालू लागला.

मग तिच्या लक्षात आलं की आपण इथे मध्ये बसलो नसतो, तर ही नोट म्हातारीच्या हातात पडली असती. तिने हात पुढे केला. “ही... ही तुमची आहे, मावशी,” ती कसंबसं म्हणाली. पण बोटं नोटेभोवती मिटली होती. उघडता उघडत नव्हती.

म्हातारीने त्या मुठीकडे पाहिलं. मग आपल्या दोन्ही हातांनी ती मूठ आणखी घट्ट दाबली आणि हळूच अफराहच्या छातीकडे सारली.

“ठेव, पोरी,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसाची कमाई आम्ही कुणाकडे मागत नाही.”