अठरा पूर्ण झाल्यावर

"पिणार कोण आहे, नाना?"

फ्रिजच्या दारावरचा हात तसाच ठेवून प्रमिलाबाईंनी विचारलं. काउंटरपलीकडचा म्हातारा गोंधळला. धोतर-टोपी स्वच्छ, आणि मनगटावर पोरीबाळींचं असावं तसं गुलाबी पट्ट्याचं घड्याळ.

"मनी नात शे. रोहिणी."

"वय?"

"सतरा."

"मग नाही मिळायचा डबा." प्रमिलाबाईंनी दार लावून टाकलं.

पिंप्राळ्यातलं त्यांचं दुकान शाळेच्या अगदी वाटेवर. ताकदीच्या नावाखाली विकले जाणारे ते एनर्जी ड्रिंकचे चकचकीत डबे पोरं रिकाम्या पोटी रिचवायची. परीक्षेच्या दिवसांत एक मुलगा दुकानाच्या पायरीवरच छाती धरून बसला. थोडक्यात निभावलं. त्याच सुमारास सप्ताह होता. महाराज कीर्तनात म्हणाले, "देवाचा नैवेद्य सोवळ्यात रांधता, आणि देवाच्या लेकरांना काय पाजता?" टाळ थांबले तरी प्रमिलाबाईंच्या कानात ते वाक्य थांबेना.

सरकारचा कायदा येईल तेव्हा येवो. गल्लीतल्या दुकानदारांनी शाळेबरोबर बसून ठरवलं, अठराच्या आतल्याला डबा नाही. प्रमिलाबाईंनी तर गळ्यातल्या तुळशीमाळेवर हात ठेवला. मग पोरं रिक्षावाल्यांना पुढे करू लागली, तेव्हापासून त्या घेणाऱ्याचं नाही, पिणाऱ्याचं वय विचारायच्या.

"त्यानं छाती धडधडते, नाना. झोप उडते."

"माहीत शे," म्हातारा हळूच म्हणाला. "डॉक्टर बी तेच बोलना."

"तरी लाड?"

"तिले आवडस. सणना दिन शे, म्हणीसन."

दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. शेजारचा पानवाला जीवराम हे सगळं ऐकत होता. तो तिथूनच ओरडला, "आबा, मलाच प्यायचाय म्हणा की! तुमचा दाखला कोण मागतंय? एक डबा प्याल तर पळत गाव गाठाल!"

म्हातारा हसला नाही. "खोटं बोलीसन तिना पुढे कसं ठेऊ?"

प्रमिलाबाई विरघळल्या. असं बोलणारी माणसं आताशा भेटतात कुठे? त्यांनी स्वतःसाठी केलेलं ताक तांब्यात ओतलं, वर जिरं भुरभुरलं.

"हे न्या तिला. आणि अठरा पूर्ण झाल्यावर या. मी स्वतःच्या हातानं डबा देईन, पैसेही घेणार नाही."

"अठरा," म्हातारा पुटपुटला. लांबच्या गावाचं नाव घ्यावं तसा.

त्याचं नाव तोताराम. दुसऱ्या दिवशी तांब्या परत करायला आला, आणि मग रोजच दुपारी येऊ लागला. शिंदखेड्याकडचं गाव सोडून इथे मागच्या गल्लीत खोली घेतली होती. गाव का सोडलं, तर म्हणाला, "तठे जो तो तिनाबद्दलच इचारस." प्रमिलाबाईंना वाटलं, लग्नाचं विचारत असतील. पोरगी उपवर झाली की गावाला दुसरा धंदा नसतो.

"आवडलं का ताक तिला?"

"काही बोलत नही."

"असते कुठे दिवसभर?"

"समोर बसेल ऱ्हास."

"दिवसभर समोर बसलेली? अभ्यासू आहे म्हणा की. एकदा आणा तिला, बघू तरी."

"नही येवाव ती."

बुजरी असेल, म्हणून प्रमिलाबाईंनी पुन्हा आग्रह केला नाही. मनात मात्र त्यांनी तिला कधीच घरी आणलं होतं. दोन वेण्या, पुस्तकावर वाकलेली मान. दुकान बंद करून घरी गेलं की त्यांच्यापुढे भिंत असायची. मुलगा सुरतेला. त्याचा फोन रविवारी, "जेवलीस ना?" एवढंच. घरात दुसरा आवाज असावा म्हणून त्या मोबाइलवर कीर्तन लावून ठेवायच्या, ऐकता ऐकता भाजी निवडायच्या, आणि अभंग संपला की घर आणखीच रिकामं व्हायचं. तोतारामनानांचा त्यांना चक्क हेवा वाटायचा. कुलूप उघडलं की समोर कुणीतरी बसलेलं असणं, याहून मोठं भाग्य कोणतं?

म्हणून त्या पोरीला जपायचं, हे त्यांनी आपलंच काम मानलं. कधी ताक, कधी कैरीचं पन्हं, कधी दाण्याचा लाडू. डबा मात्र नाही. नानांनीही तो पुन्हा मागितला नाही.

बघता बघता पुन्हा आखाजी आली. प्रमिलाबाईंनी पहाटेच मालकांची घागर भरली. गेलेल्या माणसाची घागर या दिवशी भरायची, त्याच्या जिवाला जे आवडायचं ते पुढे ठेवायचं. मालकांना डांगर, म्हणजे खरबूज, प्यारं, म्हणून तेच ठेवलं. मग दुकानात येऊन फ्रिजच्या मागच्या कप्प्यातून एक डबा काढला, त्यावर मोगऱ्याचं फूल ठेवलं आणि वाट पाहत बसल्या.

नाना आले. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीतून नव्या घागरीचा काठ डोकावत होता.

"आमच्या वहिनींची वाटतं," प्रमिलाबाई मायेनं म्हणाल्या.

नानांनी पिशवी आणि तांब्या काउंटरवर टेकवले. त्यांची नजर डब्यावर खिळली होती.

"घ्या की! वर्ष उलटलं. शब्द दिला होता मी. आता माझी माळ आड येत नाही, आणि तुम्हालाही खोटं बोलायला नको."

नानांनी डबा दोन्ही हातांनी उचलला. त्यावरचं दव उपरण्यानं पुसलं, फूल नीट केलं. मग डबा पुन्हा काउंटरवर ठेवला आणि हळूच प्रमिलाबाईंकडे सरकवला.

"अहो, का? अठराची झाली ना रोहिणी?"

नानांनी तांब्या पुढे केला.

"ताकच द्या, अक्का. तुमनी माळ मोडाले नको. ती सतराच शे. आते कायम सतराच ऱ्हाई."