वेलचीचा दाणा

"अहो, झूम लेन्स घ्या, लांबचं दिसेल," असं बायको दुकानात सांगून थकली. पण हेरंबने नव्या कॅमेऱ्यासाठी मॅक्रो लेन्सच घेतली. "लांबचं काय, चालत जाऊनही बघता येतं. ही लेन्स डोळ्याला न दिसणारं दाखवते!"

ते बायकोला पटवायची संधी रविवारी आली. सासूबाईंनी यंदापासून फराळाच्या ऑर्डरी घ्यायचं ठरवलं होतं आणि भिशीतल्या बायका चव बघायला जमल्या होत्या. त्यांच्या हातात लाडू पडेपर्यंत हेरंबने एका रवा लाडवाचा अगदी जवळून फोटो काढून टीव्हीवर लावलासुद्धा.

टीव्हीभर लाडू पसरला.

"अगबाई!" खांबेटेकाकू लाडू चघळत म्हणाल्या. "वेलचीचा दाणा बघा कसा टपोरा दिसतोय!"

"वेलची?" सासूबाई गोंधळल्या. "मी तर जायफळ घालते."

"थांबा, मोठं करून दाखवतो," हेरंब उत्साहाने म्हणाला.

वेलचीच्या दाण्याला सहा पाय होते.

सगळ्यांचं चावणं थांबलं. काकूंनी तोंडाला रुमाल लावला. बाकीच्यांना एकदम घरी गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं. हेरंबचे कान तापले. टीव्ही बंद करायला त्याला रिमोट सापडेना, आणि बायको काही मदतीला उठेना.

चपलांचा आवाज जिन्यात विरला. सासूबाईंनी डब्याचं झाकण लावलं, उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं.

"जावईबापू," त्या मान खाली घालूनच म्हणाल्या, "पुढच्या दिवाळीला तेवढी लांबचं दाखवणारी घ्या हो."