अर्धं वाक्य

"स्थळ चांगलं हाय," गुरुसिद्धअप्पा म्हणाले आणि थांबले.

पुढचे शब्द त्यांच्या मनात तयार होते. 'पण पोरगा हात उचलतो.' एवढंच म्हणायचं होतं. पण हल्ली एका वाक्यावरून दुसऱ्यावर जायला त्यांना वेळ लागायचा. तेवढ्यात त्यांचा मुलगा सोमशेखर म्हणाला, "झालं की मग. अप्पांचा होकार आला. फोडा सुपारी."

नवऱ्या मुलाच्या मामानं सुपारी फोडली. बायकांनी साखर वाटायला घेतली. नवरा मुलगा शिवकुमार उठून पाया पडला. "आशीर्वाद द्या, अज्जा," म्हणाला. गुरुसिद्धअप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

ते बाहत्तर वर्षांचे होते. शिरोलीच्या एका फौंड्रीत तीस वर्षं फोरमन होते. भट्टीच्या आवाजावर त्यांचा आवाज चढायचा. एका दमात चौघांना चार कामं सांगून ते पुढं गेलेले असायचे. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र बोलणं संथ झालं. मधेच थांबायला लागले. सोमशेखर घाबरून डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरापासून उलटे आकडे म्हणायला लावले. सगळं बरोबर आलं.

"मेंदू ठणठणीत आहे यांचा," डॉक्टर म्हणाले. "वयानं बोलायचा वेग उतरतो. आजार नाही हा. तुम्हीच जरा दम धरत चला."

घरात दम कुणाला होता? अप्पा थांबले की सोमशेखर त्यांचं वाक्य पुरं करायचा. तो नसला तर सून करायची. पाणी मागायला तोंड उघडलं की चहा यायचा. सुरुवातीला अप्पांना राग यायचा. पुढं पुढं ते आलेला चहा पिऊन गप्प बसायला लागले. त्यात एक सोयही होती, भांडण होत नव्हतं.

सुपारीच्या आठवडाभर आधी ते जुन्या जोडीदाराला, पिराजीला भेटायला शिरोलीला गेले होते. पिराजी शिवकुमारच्या बापाच्या फौंड्रीत साचे भरायचा. अप्पा दारातच होते. आत शिवकुमारनं पिराजीला काहीतरी विचारलं. पिराजीही साठीचा. तो सांगतो सांगतो म्हणत शब्द जुळवत होता. शिवकुमारनं त्याच्या कानाखाली ओढली. पिराजीनं खाली पडलेली टोपी उचलली, झटकली आणि परत घातली. हेच पोरगं चार दिवसांपूर्वी त्यांच्या नातीला, सोमशेखरच्या विद्याश्रीला, बघून गेलं होतं.

लग्न थाटात झालं. अप्पांनी अक्षता टाकल्या.

आठ महिन्यांनी विद्याश्री एका पिशवीनिशी परत आली. डाव्या कानाचा पडदा फाटला होता. काय झालं ते तिनं एकदाच सांगितलं, पुन्हा कुणी विचारलं नाही. सोमशेखर दोन दिवस जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी अप्पांनी त्याला समोर बसवलं. शिरोलीत पाहिलेलं सगळं सांगितलं. "सुपारीच्या दिवशी मी... बोलणार हुतो. तू मला... बोलू दिलं न्हाईस."

सोमशेखर खाली मान घालून ऐकत राहिला. मग अप्पांनी ते सुनेला सांगितलं. शेजाऱ्यांना सांगितलं. व्याह्यांकडून पंच आले, त्यांनाही सांगितलं. आता त्यांना मधे कुणी तोडत नव्हतं. ते थांबले की सगळी बैठक थांबायची. फार दिवसांनी त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं जात होतं, आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते बरं वाटत होतं. सोमशेखर मात्र दिवसेंदिवस वाकत चालला.

एका सकाळी विद्याश्री परसात कपडे वाळत घालत होती. तिला त्यांनी अजून स्वतः सांगितलं नव्हतं. त्यांनी तिला बोलावलं. ती येऊन उजवा कान त्यांच्याकडे करून बसली.

त्यांनी सगळं सांगितलं. पिराजी, टोपी, सुपारी. मधे पुष्कळदा थांबले. ती एकदाही मधे बोलली नाही. शब्द सापडेपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुझ्या बानं... माझं वाक्य तोडलं, बाळ. न्हायतर आज तू..."

ते थांबले. ती थांबली. आणखी काही येत नाही अशी खात्री झाल्यावर ती उठली. उरलेले कपडे घ्यायला वाकली आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली,

"सुपारीपास्नं लग्नापतूर एकवीस दिवस हुते, अज्जा. रोज सकाळचा चहा तुम्ही माझ्याच हातनं घेत हुतासा."