गाळलेली ओळ

शब्बाथच्या सकाळी ज्यूंच्या प्रार्थनालयात दोघा शिंपी भावांतला धाकटा तोरा हा धर्मग्रंथ गुंडाळीतून गाऊन वाचू लागला, की थोरल्याच्या पोटात दुखायचं. घसा बसेपर्यंत ती जागा त्याची होती. आता छापील प्रत घेऊन धाकट्याच्या शेजारी उभं राहायचं आणि वाचताना काही चुकलं तर तिथल्या तिथे सांगायचं, एवढंच त्याच्याकडे उरलं होतं. पण हा पठ्ठ्या चुकेल तर शपथ.

त्या दिवशी योसेफची गोष्ट होती. भाऊ त्याला खड्ड्यात टाकतात तिथे धाकट्याचा आवाज असा भरून आला, की मागच्या बाकांवर लोक डोळे पुसू लागले. तेवढ्यात थोरल्याने प्रतीवर बोट आपटलं.

"थांब. एक ओळ गाळलीस."

धाकट्याने चर्मपत्राच्या गुंडाळीत पाहिलं, मग दादाच्या बोटाकडे. थोरल्यानेही पाहिलं आणि त्याचे कान तापले. ओळ गाळली नव्हतीच. ऐकता ऐकता त्याचंच बोट एक ओळ मागे राहिलं होतं.

"बरं झालं सांगितलंस, दादा," धाकटा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आणि तीच ओळ पुन्हा गायला.

बाहेर पडताना जो तो थोरल्याचा हात हातात घेत होता. "तुम्ही आहात म्हणून निभावतं हो. पोरं काय, वाहवत जातात."

थोरला नुसती मान डोलावत राहिला. पायरीवर एकटा उरल्यावर त्याने वर पाहिलं.

"गळा त्याला दिलास, ते मी कसंबसं गिळलं होतं, देवा. आता एवढं मोठं मनसुद्धा त्यालाच?"