दुहेरी नोंद

हेरंबला किडनी मिळणार होती त्याच सकाळी रुग्णालयाच्या एआय एजंटने शांतपणे सांगितलं, "या नावाचा रुग्ण आमच्याकडे नाही."

"हा काय, समोर बसलाय," त्याची बहीण मृण्मयी म्हणाली.

"हेरंब आणि हृषीकेश कर्णिक यांची जन्मतारीख, आईवडील, पत्ता एकच आहे. दुहेरी नोंद समजून एक काल पुसली."

"अहो, ते जुळे भाऊ आहेत. मग हेरंबचीच का पुसली?"

"त्या नोंदीत आजार होता. गुंतागुंतीची नोंद आधी पुसावी, अशी सूचना आहे."

"पुसण्याआधी कुणाला तरी विचारायचं."

"तशी सूचना नाही."

नोंदी पुसण्याच्या टूलच्या या सूचना मृण्मयीनेच एजंटांसाठी लिहिल्या होत्या. 'आधी माणसाला विचारा' हे वाक्य तिच्या मसुद्यात होतं. त्यामुळे एजंट सारखे अडून बसतात, म्हणून तिच्या ऑफिसातल्या साहेबांनी ते काढायला सांगितलं आणि तिने काढलं.

"मग ती नोंद परत आणा."

"पुसलेलं परत येत नाही. नवी नोंद करा, प्रतीक्षा यादीत शेवटचा नंबर मिळेल. ती किडनी दुसऱ्या रुग्णाला दिली आहे."

हेरंबने सुजलेले पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "ताई, असल्या सूचना लिहितं तरी कोण गं?"

"असेल कुणीतरी," मृण्मयी म्हणाली, आणि त्याचं नाव नव्याने नोंदवायला रांगेत जाऊन उभी राहिली.