चौथ्या बोयापाशी

डॉल्फिन मेलेलाच वर आला. जाळ्यावर तरंगणाऱ्या चौथ्या आणि पाचव्या बोयाच्या मधे तो गुरफटला होता. नायलॉन तोंडात रुतलं होतं.

"चला, एक चोर कमी झाला," थोरला भाऊ म्हणाला.

धाकट्याला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. दोन महिन्यांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून त्याचं असंच चाललं होतं. चहा गरम की गार, तेही प्यायल्यावर कळत नसे.

फक्त जागा त्याच्या लक्षात आली. बावीस वर्षं डॉल्फिन इथंच जाळं फोडून जात. मागोमाग निम्मी मासळीही जाई. मग तो घरी येऊन आदळआपट करायचा, "एवढं लांब जाळं, आणि या चोरांना नेमकी हीच जागा बरी सापडते!"

"सवय लागली असेल," बायको म्हणायची. "तुम्ही नाही का रोज त्याच खुर्चीत बसत?" आणि फाटलेलं जाळं मांडीवर ओढून घ्यायची. सांधायचं काम तिचं. त्यानं कधी वाकूनही पाहिलं नव्हतं.

किनाऱ्यावर थोरल्याची बायको टोपल्या घेऊन उभी होती.

"वहिनी, या खेपेला जाळं तुम्ही सांधलंत ना?"

"मग कोण सांधणार? तुम्ही? बरं झालं माझ्या हाती आलं, भाऊजी. चौथ्या बोयापाशी हातभर पट्टा नुसता सुती दोऱ्यानं सांधला होता तिनं. उशीचे अभ्रे शिवतो ना, त्या. बोटानं तुटत होता. सगळा काढून नायलॉन घातलं."

"तिच्याकडचं नायलॉन संपलं असेल."

"कुठलं संपतंय? डबा भरलाय."

घरी जाऊन त्यानं डबा काढला. नायलॉनची रिळं भरलेली होती. खाली सुती दोऱ्याची रिकामी रिळं होती, एका दोरीत ओवून ठेवलेली. एकच अर्धं उरलं होतं.

सकाळी थोरला आला तेव्हा धाकटा अंगणात जाळं मांडीवर घेऊन बसला होता. वहिनीच्या गाठी कापून बाजूला टाकल्या होत्या. सुती दोरा सुईत जात नव्हता. तो परत परत ओला करून पाहत होता.

"अरे, वेडा झालास का? निदान हा दोरा दुसरीकडे तरी घाल. तिथं परत येतील ते."

"म्हणूनच," धाकटा म्हणाला. "त्यांना हीच जागा माहीत आहे."