नावाआधीचा श्री

"दामिनी नाही हो, सौदामिनी. सौदामिनी खरात." म्हातारे वडील रुग्णालयाच्या मदतकक्षाच्या काचेवर बोट टेकवून पुन्हा सांगत होते.

घाटात बस कोसळल्यापासून हेमांगी जखमींच्या यादीत नावं शोधून देत बसली होती. तिने वैतागून तिसऱ्यांदा चौकटीत पूर्ण नाव टाकलं. पडद्यावर तिसऱ्यांदा तेच उमटलं, 'दामिनी खरात: नोंद नाही.'

मग तिचं लक्ष पडद्यावरच्या 'दामिनी'कडे गेलं. लोक नावाआधी श्री, सौ लावतात, म्हणून शोधायच्या आधी ती अक्षरं काढून टाकणारा छोटा प्रोग्राम तिनेच लिहिला होता. त्याने या मुलीच्या नावातलंच सौ छाटलं होतं.

तिने यादी हाताने सरकवत नेली. "आहे, काका. सौदामिनी खरात, वॉर्ड चार. शुद्धीवर आहे." म्हातारा भिंतीला धरून खालीच बसला.

हेमांगीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती यादीत आणखी एक नाव शोधत होती. सापडलं. श्रीरंग मोहिते, वॉर्ड दोन. तासाभरापूर्वी त्याच्या आईला तिनेच सांगितलं होतं, "जखमींत नाही, मावशी. मागे शवागारात बघून या."

ती धावत सुटली.

मावशी शवागाराच्या पायरीवर बसली होती. हेमांगी धापा टाकत तिच्यासमोर येऊन थांबली. तेवढ्यात मावशीच म्हणाली, "सगळ्या चादरी वर करून बघितल्या, बाई. हितं बी न्हाई माझा श्रीरंग. आता कुठं बघू?"